मौनाचा बाजार आणि घरची साधना

कर्जतहून खोपोलीच्या गाडीनें निघालें म्हणजे पहिलें स्टेशन पळसदरीचें. पावसाळ्यांत तेथील तलाव भरतो, घाटाच्या अंगावरून ओहोळ धांवूं लागतात, आणि मुंबई-पुण्याचीं दमलेलीं कुटुंबें शनिवार-रविवारीं त्या बाजूस वळतात. हवापालटासाठीं येणाऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. परंतु अलीकडे कर्जत-खालापूरच्या या टापूंत हवेबरोबर मनही पालटून देण्याचीं आश्वासनें विकलीं जात आहेत. दोन रात्रींचें मौन, सात्त्विक जेवण, पहाटेचें ध्यान, आणि निघण्यापूर्वीं सर्वांचें एकत्र छायाचित्र! याला 'माइंडफुलनेस' असें भारदस्त नांव आहे. पालींतील 'सति' व संस्कृतांतील 'स्मृति' यांनींच हा इंग्रजी वेष पांघरला आहे. म्हणजे माल आपलाच, दाम मात्र परदेशी.

ध्यान निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें उपयोगी आहे म्हणूनच त्याची ही विटंबना आम्हांस खुपते. आमचा आक्षेप एवढाच कीं, शिबिर हें केवळ साधन असतां तेंच साध्य होऊन बसलें आहे.

ज्यांनीं ही विद्या आपल्याकडे प्रामाणिकपणें शिकविली त्यांचें सांगणें काय होतें तें पाहावें. सत्यनारायण गोयंका यांनीं 1969 सालीं ब्रह्मदेशांतून येऊन येथें विपश्यनेचे वर्ग सुरू केले. पुढें 1976 सालीं इगतपुरीस धम्मगिरि उभें राहिलें. तेथील दहा दिवसांची शिस्त कडक आहे. पहाटे चारला उठणें, मौन पाळणें, आरंभीं तीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष देणें. शुल्क नाहीं, शिबिर पुरें करणाऱ्यांच्या ऐच्छिक दानावर पुढच्यांची सोय होते. आणि निरोप देतांना साधकास सांगितलें जातें, 'घरीं सकाळीं एक तास व सायंकाळीं एक तास बसा, आठवड्यांतून एकदां सामूहिक बैठकीस या.' अमेरिकेंत जॉन कबात-झिन यांनीं 1979 सालीं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठीं आठ आठवड्यांचा क्रम आंखला. त्यांत आठवड्याला एक वर्ग आणि एक पूर्ण मौनाचा दिवस. बाकी सारा भार घरीं रोज सुमारें पाऊण तास करावयाच्या अभ्यासावर. एक धर्मपरंपरेंतून आलेला, दुसरा इस्पितळांतला. पण दोघेही शिष्याला घरींच पाठवितात. मग तलावाकांठच्या दोन रात्रींनीं काम भागतें असें मानणाऱ्यास कोणता आधार उरला?

यावर उत्तर ठरलेलें आहे. 'घरांत शांतता कोठें आहे? फोन वाजतो, मुलांच्या परीक्षा असतात, शेजारीं भिंतींत खिळे ठोकणें चाललेलें असतें.' आम्ही म्हणतों, मन कोठें व कसें चळतें याची ओळख पटावी म्हणूनच तर ही विद्या शिकावयाची! तलावाकांठीं राग आला नाहीं यांत साधनेचें श्रेय कांहींच नाहीं. राग आणणारें तेथें कोणी नव्हतें इतकेंच. 2020 सालच्या टाळेबंदींत शिबिरें बंद पडलीं तेव्हां कित्येकांनीं घरालाच शिबिर केलें. फोन कपाटांत ठेवून एखादा सुट्टीचा दिवस ठरावीक बैठका, सावकाश चालणें व मौनाचें जेवण यांत घालविणें दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही साधतें.

खरी अडचण निराळीच आहे, आणि तिचा उच्चार आमच्या सुशिक्षित घरांतून होत नाहीं. गृहस्वामी दहा दिवस मौनास जातो तेव्हां घर चालतें, कारण तें चालविणारी मागें असते. तिनें मात्र सकाळीं अर्धा तास दार लावून घेतलें तर चहा कोणी करावयाचा, हा प्रश्न उभा राहतो! धर्मानंद कोसंबी यांनीं 1899 सालीं बुद्धधर्माच्या शोधार्थ गोव्यांतील घर सोडलें तेव्हां मागें पत्नी व लहान मुलगी होती. त्यांच्या विद्वत्तेचें ऋण सारा महाराष्ट्र मानतो. पण त्या विद्वत्तेची किंमत अंशतः घरीं राहिलेल्या एका स्त्रीनें दिली हेंही विसरूं नये. आज तर संसार सोडण्याचाही प्रश्न नाहीं, प्रश्न अर्ध्या तासाचा आहे. तेवढा जो घरच्या बाईस देऊं शकत नाहीं, त्याच्या करुणेच्या भावनेस काय म्हणावें?

सामूहिक बैठकीची व शिक्षकाची गरज आम्ही नाकारीत नाहीं. एकट्यानें बसतांना आळस येतो, चुका समजत नाहींत. आणि ज्यांस मानसिक व्याधि आहे त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून दीर्घ मौनांत उतरूं नये, म्हणूनच जबाबदार केंद्रें प्रवेशापूर्वींच त्याची चौकशी करितात. समूह हवा, पण तो घरच्या अभ्यासाला बळ देणारा हवा, त्याची जागा घेणारा नको.

याच कर्जत तालुक्यांत राजमाचीच्या पायथ्याशीं कोंडाण्याचीं लेणीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं बौद्ध भिक्षूंसाठीं खोदलेल्या विहाराच्या त्या लहान खोल्या आजही पाहावयास मिळतात. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें असा संघाचा नियम होता, आणि त्या वर्षावासाच्या शेवटीं 'प्रवारणा' होत असे. प्रत्येकानें सोबत्यांपुढें हात जोडून विचारावयाचें कीं, माझा कांहीं दोष तुम्हीं पाहिला, ऐकला वा तुम्हांस शंका आली असेल तर सांगा. शिबिराहून परतणाऱ्या आमच्या बंधूंनीं ही एवढी जुनी रीत उचलावी. छायाचित्र मित्रमंडळींस धाडण्यापूर्वीं पत्नीला, मुलांना आणि घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंना हाच प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईल तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें. मौनाची खरी गरज तेथें आहे.