भिंत पाडली, बिलाचे काय?

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत २० फ्लॅट. एका शेजाऱ्यांनी लगतचा फ्लॅट घेतला, रीतसर परवानगीने मधली भिंत पाडली आणि सभेत म्हणाले, ‘आता घर एकच, मेंटेनन्सही एकच घ्या.’ बऱ्याच माना डोलल्या. माझा जन्म बँकेत गेलेला. मी कागदावर आकडे मांडले.

सहकारी सोसायटीत वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे हा सेवाखर्च क्षेत्रफळावर नव्हे, फ्लॅटमागे समान वाटतात. शासनाचा २००० सालचा आदेश तसा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये व्हीनस सोसायटीच्या खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. मालमत्ता कराचा हिशेब निराळा. महिना ३०,००० खर्च धरा. २० बिले निघाली तर प्रत्येकी १,५००. १९ निघाली तर १,५७९. भिंत पडली म्हणून वॉचमनचा पगार थोडाच उतरतो? ते ७९ रुपये तळमजल्यावरच्या, पेन्शनवर जगणाऱ्या आजींनीही भरायचे!

‘पण आमच्या घरात माणसे चारच,’ शेजारी म्हणाले. खरे आहे. माणसेच मोजायची, तर आजी एकट्या आहेत.

दोन बिलांचा ठराव मी चिटणिसांकडे लिहून दिला आहे. शेजारी हल्ली जिन्यात भेटले की घड्याळ पाहतात.