जिन्नाला बदनाम कोण करतो?

परवा भाच्याने विचारले, "मामू, इफ्रीत सगळेच दुष्ट असतात ना? पुस्तकात तसंच छापलंय." पुस्तक होते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे. फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा हा अमेरिकन खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला.

या खेळात जिन्नांची चार कुळे आहेत. वाऱ्याचा जिन्नी, आगीचा इफ्रीत, पाण्याचा मारिद आणि मातीचा दाओ. २०१४ च्या राक्षसकोशात प्रत्येकाच्या नावाखाली त्याची वृत्ती छापली आहे. जिन्नी चांगला, इफ्रीत आणि दाओ दुष्ट. इफ्रीत गुलाम बाळगतात आणि त्यांच्या पितळी नगरीवर सुलतानाची सत्ता असते. १९७९ च्या एका नियमपुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर अवाढव्य इफ्रीताच्या मुठीत एक स्त्री आहे. गुलाम, सुलतान, मुठीतली बाई! हे चित्र नेमके कोणाचे आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

खेळात जिन्न घेतले, याला माझी हरकत नाही. कथा कोणाच्या मालकीच्या नसतात. 'अरेबियन नाइट्स'मध्येही क्रूर इफ्रीत आहेतच. पण तिथे तो एक इफ्रीत क्रूर असतो, त्याची अख्खी जात नव्हे. कुरआनात सुलेमान पैगंबरांच्या दरबारातला इफ्रीत सिंहासन आणून देण्याची तयारी दाखवतो आणि आपण बलवान व विश्वासू असल्याचे सांगतो. सूरह जिन्नमध्ये तर जिन्न स्वतःच म्हणतात, की आमच्यात भले आहेत आणि तसे नसलेलेही आहेत. म्हणजे परंपरेने जिन्नाला विवेक दिला, निवड दिली. खेळाने ती काढून घेतली आणि पोशाख तेवढा ठेवला. पितळी नगरीचेही तेच झाले. मूळ कथेत ती मृतांची नगरी आहे, सत्ता आणि संपत्ती टिकत नाही असे बजावणारी. खेळात ती गुलामांचा बाजार झाली.

कोणी म्हणेल, खेळ चालवणाऱ्याला वृत्ती बदलता येते. येते; पण ज्याला आधीच गुन्हेगार ठरवले, त्याला सुटण्याची मुभा देणे म्हणजे न्याय नव्हे. जन्मावरून माणसाचा स्वभाव ठरवण्याचा रोग जगात पुष्कळ आहे. तो खेळातून मुलांच्या अंगवळणी का पाडायचा? प्रकाशक कंपनीने २०२० मध्ये जाहीर कबुली दिली, की ऑर्क आणि ड्रौ या जमातींचे चित्रण खऱ्याखुऱ्या समाजांच्या बदनामीची आठवण करून देणारे होते. २०२४ च्या नियमांत 'वंश' हा शब्दही गेला. चांगले झाले. चूक मान्य करायला हिंमत लागते.

आता आपल्या घरात पाहू. बाई आजारी पडली की 'जिन्नाचा साया' म्हणून तिला बाबाकडे कोण नेतो? तावीज आणि उतारा यांवर पैसे कोण घालवतो? डॉक्टरकडे जायला उशीर कोण करतो? आपणही जिन्नाचा विवेक काढून घेऊन त्याचा बागुलबुवाच केला. अमेरिकेतल्या लेखकाला दोष देताना ही पाटी आपल्या गळ्यात घालायला हवी.

भाच्याला मी खेळ बंद कर म्हटले नाही. म्हटले, "तुझ्या खेळात एक विश्वासू इफ्रीत आण." तो हसला आणि फासे उचलले.