वंशावळीत तिचे माहेरही लिहा

छत्रपती संभाजीनगरात सध्या जुन्या कागदांना मोल आले आहे. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जातीच्या दाखल्याला लागणाऱ्या कुणबी नोंदींसाठी मराठवाडाभर कोतवाल बुके, खासरा पत्रके, मोडी-उर्दूतली दप्तरे उघडली गेली. पणजोबा-खापरपणजोबांची नावे घरोघरी तोंडपाठ झाली. पणजीचे नाव विचारले, तर मात्र सगळे एकमेकांकडे बघतात.

जातीच्या दाखल्याला सहसा पितृकुळच पाहिले जाते, म्हणून वंशावळ बापाकडून आजोबाकडे चढते. महसुली कागदावर बाई येते तीही ‘भ्र.’ लावून, नवऱ्याच्या नावाला जोडून. तिचे माहेर तिथे कुणी लिहीत नाही.

शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे घ्या. 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्यांनी पुरुषी ढोंगावर कोरडे ओढले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंच्या घराण्याचा माग लागतो तो वडिलांमुळे. बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचारांचे होते आणि लेकीला त्यांनी घरीच शिकवले. ताराबाईंचे पती घरजावई आले, म्हणून त्या माहेरच्याच नावाने ओळखल्या गेल्या. ‘बापूजी हरी’ म्हणताच ताराबाईंचे आजोबाही कळतात. आई आणि आजीला त्या नावात जागाच नाही. इतक्या निर्भीड लेखिकेची ही गत, तर अक्षरओळखही न मिळालेल्या आपल्या पणज्यांचे काय?

खरे तर आपली रीत इतकी विसरभोळी नाही. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही यांचा नावाने उच्चार होतो. महालयात आईच्या आईवडिलांचेही स्मरण असते. जे विधीला चालते, ते वंशावळीला का चालू नये? 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे राज्य सरकारने सक्तीचे केले. पुढच्यांची सोय झाली. मागच्यांची आपण करायची.

दाखल्यासाठी काढलेल्या वंशावळीची एक प्रत घरी ठेवा. तिच्यात प्रत्येक पुरुषाशेजारी बायकोचे नाव, माहेरचे आडनाव आणि गाव लिहा. लेकींची नावे आणि त्या दिल्या ती गावेही लिहा. फेरफारातल्या वारस नोंदी पाहा, तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. पण आधी घरातल्या सर्वांत वयस्कर आत्याजवळ बसा. तिला ठाऊक आहे ते कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. निम्मे पूर्वज गाळलेल्या कागदावर दाखला मिळेल, घराण्याचा इतिहास मिळणार नाही.