भायखळ्याचे मैदान गेले, महालक्ष्मीचे राहील?

मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकर जागेपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे सोपवायची आणि उरलेली ९१ एकर जागा शर्यतींसाठी रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे ठेवायची, असा तोडगा २०२४ मध्ये निघाला. क्लबचा जुना भाडेपट्टा ३१ मे २०१३ रोजी संपला होता. त्यानंतर तब्बल दहा वर्षे हा प्रश्न लोंबकळत राहिला. मध्यंतरी तेथे 'थीम पार्क' करण्याची कल्पना पुढे आली, तिच्यावरून राजकारणही रंगले. आता क्लबला ३० वर्षांचा नवा भाडेपट्टा मिळाला आहे. वरकरणी हा शहाणपणाचा मध्यममार्ग वाटतो. परंतु मुंबईने एक रेसकोर्स यापूर्वीच गमावलेले आहे, आणि त्याचा इतिहास ठाऊक असणारा माणूस एवढ्यावर निश्चिंत होणार नाही.

ते रेसकोर्स भायखळ्याचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि भरतीच्या पाण्याखाली जाणारा भायखळ्याचा सखल भाग हळूहळू कोरडा झाला. १८०२ मध्ये बॉम्बे टर्फ क्लब स्थापन झाला आणि याच सपाटीवर घोडे धावू लागले. इराणच्या आखातातून मुंबई बंदरात उतरणाऱ्या अरबी घोड्यांचा व्यापार तेव्हा भरभराटीला आलेला होता. १८३३ मध्ये शेजारीच भायखळा क्लब उभा राहिला. गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले, बागा आणि शर्यतीचे मैदान अशी त्या परिसराची प्रतिष्ठा होती.

ही प्रतिष्ठा गिरण्यांच्या धुराने पुसून टाकली. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात माणसांचा लोंढा वाहू लागला. साहेबलोक मलबार हिलकडे सरकले आणि त्यांच्या पाठोपाठ शर्यतीही सरकल्या. १८८३ पासून त्या महालक्ष्मीला होऊ लागल्या. भायखळ्याच्या मोकळ्या जागेवर आज आग्रीपाडा आणि मुंबई सेंट्रलचा दाटीवाटीचा परिसर उभा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सुधारणा मंडळ स्थापन करून शहरातील कोंडलेल्या वस्त्यांना हवा आणि उजेड देण्याचा खटाटोप सरकारला करावा लागला. ज्या भागात पूर्वी विस्तीर्ण मैदान होते, त्याच भागात मोकळी हवा पुन्हा विकत घेण्याची वेळ आली, हा काव्यगत न्यायच म्हटला पाहिजे.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शर्यती बंद पडणे हे शहराचे नुकसान नव्हे. शर्यतीमुळे मोकळी राहिलेली जमीन बुजणे हे नुकसान आहे. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणे हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. तरीही मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडो एकर सार्वजनिक जमीन अडकून राहावी काय, हा प्रश्न गैरलागू नाही. गंमत अशी की, ही करमणूक तेथे होती म्हणूनच ती जमीन बिल्डरांच्या नजरेपासून वाचली.

हा पेच केवळ मुंबईचा नाही. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये चेन्नईतील गिंडी रेसकोर्सची सुमारे १६० एकर जागा थकीत भाड्याच्या कारणावरून ताब्यात घेतली. पूरनियंत्रणासाठी तलाव आणि हिरवे उद्यान असा तेथील बेत असून प्रकरण न्यायालयातही गेले. सिंगापूरमध्ये ५ ऑक्टोबर २०२४ रोजी शेवटची शर्यत झाली. १८० हून अधिक वर्षांची परंपरा संपली आणि ती जमीन घरबांधणीसह अन्य कामांसाठी जाणार आहे. मकाऊमध्येही त्याच वर्षी शर्यती थांबल्या. तिन्ही ठिकाणी घोडे गेले किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत. जमिनीचे भवितव्य मात्र तिघांनी वेगवेगळे ठरवले.

महालक्ष्मीच्या १२० एकरांबरोबर सागरी किनारा मार्गालगतची सुमारे १७५ एकर मोकळी जागा जोडून जवळपास ३०० एकरांचे उद्यान करण्याची घोषणा झाली आहे. उद्यानाखाली वाहनतळ आणि क्रीडासंकुल करण्याचे मनसुबेही बोलून दाखविण्यात आले. येथेच सावध राहायला हवे. रेसकोर्सपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय झाले, हे आठवून पाहावे. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१ मध्ये नियमातील शब्द बदलले आणि हा हिशेब केवळ रिकाम्या भूखंडापुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. मैदाने कुदळीने नव्हे, तर कागदावरच्या एका शब्दाने नाहीशी होतात, याचे याहून ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

शिरूर अनंतपाळच्या किंवा लोह्याच्या वाचकाला मुंबईच्या रेसकोर्सचे काय, असे कोणी विचारील. मराठवाड्याला घोडे परके नाहीत. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भरणारा घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. निजामी राजवटीत आपली राजधानी असलेल्या हैदराबादेतही शर्यती आधी मौला अलीला होत आणि १८८६ मध्ये त्या मलकपेठेला आल्या. पण खरा धागा घोड्यांचा नसून जमिनीचा आहे. यात्रेचे माळ, गायराने, आठवडी बाजाराच्या जागा ही आपल्या गावांची महालक्ष्मी मैदानेच होत. गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले आणि त्याच वर्षी राज्य सरकारनेही तसा आदेश काढला. तरीही गायराने आक्रसण्याचे थांबलेले नाही.

म्हणूनच महालक्ष्मीच्या १२० एकरांवर काय बांधणार याआधी, काय कधीच बांधले जाणार नाही, हे कायद्याने स्पष्ट व्हायला हवे. जमिनीचा वापर बदलायचा असेल तर विधिमंडळाची मंजुरी बंधनकारक असावी आणि उद्यानात प्रवेश विनामूल्य असावा. २०५३ मध्ये क्लबचा भाडेपट्टा संपेल, तेव्हा उरलेल्या ९१ एकरांचे काय करायचे, याचा निर्णयही आजच लिहून ठेवावा. भायखळ्याचे मैदान गेले तेव्हा जाब विचारणारे नागरिक नव्हते. सत्ता परक्यांची होती. आता ती सबब उरलेली नाही.