शिष्यवृत्त्या दहा नकोत, आपल्या दोन शोधा

रायपूरच्या पोस्टिंगवर मे महिना आला की फॅमिली क्वार्टर्समध्ये दोनच विषय असतात, ऊन आणि मुलांची ॲडमिशन. बारावीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर शिष्यवृत्त्यांच्या लांबलचक याद्या फिरतात. सोबत सल्लाही येतो, ‘सगळीकडे फॉर्म टाका, कुठं ना कुठं लागेलच.’

मला हा सल्ला पटत नाही. यादीतली निम्मी नावं आपल्या मुलांसाठी नसतातच आणि त्यांच्यामागे धावताना हक्काच्या शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते.

आधी वडिलांची सेवा पाहा. केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि वीरपत्नींसाठी आहे. मुलीला महिना 3000 आणि मुलाला 2500 रुपये मिळतात. बारावीला किमान 60 टक्के हवेत आणि प्रवेश इंजिनिअरिंग, मेडिकल, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला हवा. साधं बी.ए. किंवा बी.एस्सी. चालत नाही. वडील अजून नोकरीत असतील तर हा फॉर्म आपला नाही.

मग उत्पन्न पाहा. केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती पदवीच्या काळात वर्षाला 12,000 रुपये देते, पण कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत लागतं. नोकरीतल्या हवालदाराचा पगार त्याच्या वर जातो. म्हणजे सेवेतल्या जवानाचं मूल दोन्हींच्या मधे अडकतं. त्याच्यासाठी उत्पन्नाची अट नसलेली ‘इन्स्पायर’ आहे. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला 80,000 रुपये. पण या रकमेसाठी इंजिनिअरिंगची आवड असलेल्या मुलाला फिजिक्सला ढकलू नका. कोर्स आधी ठरवा, पैसा त्यानंतर.

तिसरी गोष्ट, राज्य. आपला मुलगा रायपूरच्या केंद्रीय विद्यालयातून बारावी झाला तर एनआयटीच्या हिशेबात तो छत्तीसगडचा धरला जातो. रायपूर एनआयटीच्या निम्म्या जागांसाठी तो ‘घरचा’ आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी बाहेरचा! महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला मात्र महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतं, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. गावाकडचा हा दाखला रजेत काढून ठेवा. जुलैत तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहायला आपल्याला सुट्टी मिळत नाही.

छत्तीसगडमध्ये राहून आणखी एक सांगावंसं वाटतं. राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती मे 2019 मध्ये राज्य पोलिसांपर्यंत पोहोचली. नक्षली किंवा अतिरेकी हल्ल्यात शहीद झालेल्या पोलिसांच्या मुलांसाठी वर्षाला 500 जागा ठेवल्या गेल्या. बस्तरमध्ये असं घर ठाऊक असेल तर ही माहिती तिथं पोचवा. कॉलेजच्या नोटीस बोर्डापर्यंत जाण्याचं त्राण अशा घरात नेहमीच असतं असं नाही.

दोन सरकारी शिष्यवृत्त्या एकत्र घेणं बहुतेक योजनांत चालत नाही, म्हणून रकमेसोबत मुदतही तोला. पंतप्रधान शिष्यवृत्ती पूर्ण कोर्सभर चालते, पण दरवर्षी किमान 50 टक्के टिकवावे लागतात. आणि कोचिंगवाल्यांची ‘90 टक्के स्कॉलरशिप’ ही बहुतेक वेळा फीमधली सूट असते. तिला शिष्यवृत्तीत मोजू नका.

दहावीत-अकरावीत मूल असेल तर आजच एक काम करा. डिस्चार्ज बुक किंवा सर्व्हिस रेकॉर्डमधलं मुलाचं नाव, आधार आणि मार्कशीट समोर ठेवा. स्पेलिंग जुळत नसेल तर पार्ट टू ऑर्डर आत्ताच करून घ्या. हे काम रजेत आणि युनिटमध्ये असतानाच होतं, पेन्शनवर गेल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बसावं लागतं.

जय हिंद!