गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क दवाखान्यात कुठे संपतो?

हॉटेलच्या गल्ल्यामागे ‘प्रवेशाचे हक्क राखीव’ अशी पाटी असते. दारू पिऊन आलेला, शेजारच्या टेबलाला त्रास देणारा किंवा मागचे बिल बुडवलेला माणूस मालकाने दारातूनच परत पाठवला, तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र त्या पाटीलाही मर्यादा आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून दुकानात किंवा हॉटेलात कोणाला अडवता येणार नाही, असे राज्यघटनेचे पंधरावे कलम सांगते. नकार द्यायचा तर तो गिऱ्हाइकाच्या वागण्यावरून द्यावा, हा त्यामागचा साधा न्याय आहे.

खासगी दवाखाना हाही एक व्यवसायच. डॉक्टरांनाही रुग्ण निवडण्याचा हक्क आहे. कोणावर उपचार करायचे हे ठरवण्याची मोकळीक २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने त्यांना दिली आहे. मात्र तातडीच्या वेळी मदत नाकारता येत नाही आणि एकदा हाती घेतलेला रुग्ण पूर्वसूचना न देता वाऱ्यावर सोडता येत नाही. अपघातग्रस्ताचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावले. शिवीगाळ किंवा मारहाण करणाऱ्या रुग्णाला नाकारण्याची मुभा देणारी नवी नियमावली ऑगस्ट २०२३ मध्ये आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. तरीही त्यामागची डॉक्टरांची मागणी रास्तच आहे. हात उगारणाऱ्याची सेवा करण्याची सक्ती कोणावरच नसावी.

पण दवाखान्यांत एक नकार असाही दिला जातो, ज्याचा रुग्णाच्या वागण्याशी काही संबंध नसतो. हर्नियाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरते, रक्ततपासणी होते, एचआयव्हीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतो आणि सूर बदलतो. ‘नाही’ असे सरळ कोणी म्हणत नाही. ‘आमच्याकडे तशी सोय नाही’, ‘सध्या तारीख मिळणार नाही’, ‘मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखवा’, एवढेच सांगितले जाते. कुठे ‘स्पेशल किट’च्या नावाखाली बिल फुगते. रुग्णही मुकाट्याने निघून जातो. वाद घालावा तर चारचौघांत बोभाटा व्हायचा, ही धास्ती त्याला असते.

या नकारामागची भीती खोटी नाही. शस्त्रक्रियेत सुई टोचते, हातमोजा फाटतो. मात्र त्या भीतीचे माप घ्यायला हवे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सरासरी १,००० मध्ये ३ असते. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला त्या विषाणूचा धोका १०० मध्ये ६ ते ३० इतका असतो. एचआयव्हीचा मुळात कमी असलेला धोका औषधांनी आणखी घटतो. सुई टोचल्यावर शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत गोळ्या सुरू करून त्या २८ दिवस घ्यायच्या असतात. शिवाय नियमित उपचार घेणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात विषाणू चाचणीतही सापडत नाही इतका कमी असतो. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातूनही संसर्ग होत नाही.

मग खरा धोका कोणाकडून? ज्याला स्वतःलाच लागण ठाऊक नाही, त्याच्याकडून. संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते आणि नेमक्या याच काळात रक्तात विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते. अहवाल पाहून रुग्ण गाळणारे रुग्णालय औषधे घेणाऱ्याला बाहेर काढते आणि या दुसऱ्याला बेफिकिरीने टेबलावर घेते. म्हणूनच प्रत्येकाचे रक्त बाधित आहे असे धरून काळजी घ्यायची, हा शास्त्राने घालून दिलेला नियम आहे. दाताचा दवाखाना, गोंदवण्याचे दुकान, केशकर्तनालय यांनाही तो लागू आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते वापरणाऱ्या कारागिराला कोणाचाही अहवाल विचारावा लागत नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या संसर्गावरून उपचार नाकारणे किंवा थांबवणे, उपचारांसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणे या गोष्टींना त्याने मनाई केली आहे. दुकाने आणि हॉटेलांतला भेदभावही त्याच्या कक्षेत येतो. हाच कायदा कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने आणि सुई टोचल्यावरची औषधे पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो, हे मात्र फारसे बोलले जात नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यावर राज्याचा लोकपाल असून, त्याने ३० दिवसांत, तर वैद्यकीय आणीबाणीत शक्यतो २४ तासांत आदेश द्यायचा असतो.

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि महाराष्ट्रातली त्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या राज्यांत मोडते. गोळ्यांमुळे ते आता दीर्घायुषी होत आहेत. साहजिकच त्यांनाही मोतीबिंदू होणार, गुडघे दुखणार, दात काढावे लागणार. दारातून परत गेलेला रुग्ण पुढच्या दवाखान्यात आजार लपवायला शिकतो आणि त्याची कथा ऐकलेला शेजारी तपासणीलाच जात नाही. खासगी रुग्णालयाच्या मालकाला आपली माणसे खरोखर जपायची असतील, तर सगळ्यांना हिपॅटायटिस बीची लस, पुरेसे हातमोजे, सुया टाकायचे मजबूत डबे आणि रात्री दोन वाजताही हाताशी येतील अशा त्या २८ दिवसांच्या गोळ्या, एवढी तयारी त्याने आधी करावी. ती असेल तर अहवाल पाहून रुग्ण परत पाठवण्याचे कारण उरत नाही.