डाव्या खिशातला मोबाईल

कुर्ता असो की शर्ट, वरचा खिसा डाव्या बाजूला. मोबाईल तिथेच जातो. नमाजला उभे राहण्याआधी तो सायलेंट करायचा आणि पुन्हा त्याच खिशात टाकायचा. अंबरनाथहून सकाळची लोकल पकडणारे तर चोरीच्या भीतीने वरून हातही दाबून धरतात. धडधाकट माणसाला याने काही होत नाही. पण ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांचे यंत्र बहुतेक वेळा याच खिशाच्या मागे, डाव्या खांद्याजवळ कातडीखाली असते.

मागच्या पालकसभेत एका विद्यार्थ्याच्या अम्मीने आम्हाला विचारले, "सर, पेसमेकरवाल्या माणसाने मोबाईल वापरला तर जीव जातो का?" त्यांच्या सासऱ्यांना पेसमेकर बसवला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज वाचून मुलांनी त्यांचा फोनच काढून घेतला. मुले सकाळी लोकलने जातात, सूनबाई आनंदनगर एमआयडीसीत कामाला, नातवंडे शाळेत. दुपारभर म्हातारा माणूस घरात एकटा आणि हाक मारायला साधन नाही! आमच्या मते त्या फोनपेक्षा हाच धोका मोठा आहे.

खरे काय ते पाहू. 1997 साली अमेरिकेत पेसमेकर असलेल्या 980 रुग्णांवर मोबाईलच्या चाचण्या झाल्या. पाचातल्या एका चाचणीत यंत्रात काही ना काही ढवळाढवळ दिसली. मात्र फोन नेहमीसारखा कानाला लावला तेव्हा धोक्याचे काहीच आढळले नाही. फोन थेट यंत्रावर धरला तरच काळजीचे कारण होते. म्हणजे प्रश्न फोनचा नाही, अंतराचा आहे.

आता त्यात चुंबकाची भर पडली आहे. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते, कारण तपासणीच्या किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर बाहेरून चुंबक ठेवून यंत्राची चाल बदलतात. चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकणे थांबवतो आणि ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो. आयसीडी नावाचे दुसरे यंत्र हृदयाची लय बिघडल्यास विजेचा झटका देऊन जीव वाचवते. चुंबकाजवळ ते झटका देणेच थांबवते. चुंबक दूर नेला की दोन्ही यंत्रे सहसा पूर्ववत होतात. पण नेमकी त्याच वेळी लय बिघडली तर?

2020 मध्ये आयफोन 12 आला, तो पाठीत चुंबकांचे कडे घेऊन. 2021 च्या सुरुवातीला डेट्रॉईटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील डॉक्टरांनी तो आयसीडी असलेल्या रुग्णाच्या छातीजवळ धरला, तेव्हा यंत्राने उपचार थांबवल्याचे त्यांना दिसले. अ‍ॅपलची स्वतःचीच सूचना आहे की असा फोन यंत्रापासून सहा इंच आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना बारा इंच दूर ठेवावा. फोन साधा असला तरी बाजारात मिळणाऱ्या पाकिटासारख्या कव्हरचे बटण चुंबकाचे असते, हेही ध्यानात असू द्या. इअरफोनच्या डबीतही चुंबक असतो.

तेव्हा अब्बांचा फोन अब्बांना परत द्या. तो उजव्या कानाला लावू द्या. कुर्त्याला खाली उजवीकडे खिसा शिवून घ्या, शिंपी पंधरा मिनिटांत लावून देतो. नमाजच्या वेळी फोन जानमाजच्या बाजूला जमिनीवर राहील. छातीवर फोन ठेवून बयान ऐकत झोपायची सवय मात्र मोडायला हवी. यंत्र आईला बसवले असेल तर इंडक्शनच्या शेगडीपासूनही दोन फूट दूर राहून तिने स्वयंपाक करावा, किंवा गॅसच बरा.

उमराहला निघालेल्यांनी पेसमेकरचे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे. विमानतळावर ते आधी दाखवावे आणि हातातले तपासणीयंत्र छातीवर धरून ठेवू नका, असे नम्रपणे सांगावे. त्या कार्डावर कंपनी आणि मॉडेल लिहिलेले असते. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हवा. चक्कर आली, धडधड वाढली, तर आधी फोन छातीपासून बाजूला करा आणि लगेच डॉक्टरांना कळवा, कळवायला अर्थातच तोच फोन लागेल.